मंगळाचे फोटो बघताना आधी मोजपट्टी शोधा

खडकवेडा

मंडळी, मंगळावरचा तो 'दरवाजा' पुन्हा फॉरवर्ड व्हायला लागलाय. कड्यात कोरून काढल्यासारखी चौकोनी खाच, आत काळोख, आणि खाली 'हे जगापासून का लपवलं?' असा खडा सवाल. फोटो अस्सल आहे. क्युरिऑसिटी रोव्हरने ७ मे २०२२ ला, म्हणजे त्याच्या ३४६६व्या सोलला, 'ईस्ट क्लिफ्स' असं नाव दिलेल्या टेकाडाचा तो काढला. (सोल म्हणजे मंगळावरचा दिवस, साधारण २४ तास ३९ मिनिटांचा.) लपवालपवी तर दूरच, रोव्हरचे सगळे कच्चे फोटो नासाच्या संकेतस्थळावर कोणालाही बघता येतात. हाही तिथेच होता.

फॉरवर्डमध्ये फक्त माप गाळलेलं असतं. हा दरवाजा जेमतेम ३० सेंटीमीटर उंच आणि ४० सेंटीमीटर रुंद आहे. क्युरिऑसिटीच्या चाकाचा व्यास ५० सेंटीमीटर आहे, म्हणजे चाकसुद्धा त्यात उभं राहणार नाही. त्या खडकात वेगवेगळ्या दिशांनी सरळसोट भेगा गेल्या आहेत. त्या एकमेकींना छेदतात तिथला तुकडा निखळला आणि खाच उरली. अशा सरळ भेगा पृथ्वीवरच्या खडकांतही सर्रास असतात.

गोम अशी की मंगळाच्या फोटोत नजरेला धरायला काहीच नसतं. झाड नाही, माणूस नाही, विजेचा खांब नाही. मुठीएवढा दगड आणि दुमजली घराएवढा कडा सारखेच दिसू शकतात. म्हणून 'हे काय आहे?' विचारायच्या आधी 'हे केवढं आहे?' विचारावं असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात कॅमेऱ्याच्या नावापासून करा. क्युरिऑसिटीच्या मानेवर मास्टकॅमचे दोन डोळे आहेत आणि ते सारखे नाहीत. डाव्याच्या भिंगाचं केंद्रांतर ३४ मिलीमीटर, उजव्याचं १०० मिलीमीटर. एक किलोमीटरवरच्या खडकावर उजव्या डोळ्याचा एक पिक्सेल ७.४ सेंटीमीटरचा असतो, डाव्याचा २२ सेंटीमीटरचा. उजव्याच्या फोटोत लांबचं टेकाड अगदी हाताशी आल्यासारखं वाटतं, आणि मग माणूस त्यात दारं-खिडक्या शोधायला लागतो.

दुसरी युक्ती माझ्या आवडीची. फोटोत चाकोऱ्या दिसत असतील तर त्याच तुमची पट्टी. क्युरिऑसिटीच्या चाकांना मुद्दाम भोकं ठेवली आहेत. वाळूत त्यांचा ठसा उमटतो आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला तोच नमुना पुन्हा येतो. चाक जागच्या जागी घसरतंय की पुढे सरकतंय हे रोव्हर त्यावरून ओळखतो. दोन ठशांमधलं अंतर सुमारे दीड मीटर धरा. आणि त्या भोकांच्या नमुन्यात मोर्स लिपीत 'जेपीएल' ही अक्षरं आहेत. रोव्हर बनवणाऱ्या प्रयोगशाळेने स्वतःची सही मंगळाच्या वाळूत उठवायची सोय करून ठेवली!

या धाग्यावर रोव्हर आणि ऑर्बिटर (मंगळाभोवती घिरट्या घालणारं यान) दोन्हींच्या फोटोंबद्दल बोलूया. शंका, आवडते फोटो, भांडणं, सगळं चालेल.

अर्धवट_झोप

वाचनखूण साठवली. चाकातलं मोर्स भारी आहे. फॉरवर्ड करणाऱ्या काकांना हा धागा पाठवतो.

शंकासूर

माप पटलं. पण रंगाचं काय? एकाच जागेचा एक फोटो तांबूस, दुसरा जवळजवळ पृथ्वीसारखा पिवळट-करडा. कधी आकाश बदामी, कधी निळसर. रंगात फेरफार होतो हे तर उघड आहे ना?

पिक्सेलपुराण

होतो, आणि तो केला असं सहसा फोटोखाली लिहिलेलं असतं. ती ओळ कोणी वाचत नाही ही खरी अडचण.

ढोबळमानाने तीन प्रकार असतात. पहिला, तिथे उभं राहिल्यावर आपल्या डोळ्यांना जसं दिसेल त्याच्या जवळ जाणारा. हवेत लोहाच्या ऑक्साइडची बारीक धूळ तरंगत असते, उजेडच तांबूस-पिवळा येतो, त्यामुळे सगळंच तसं दिसतं. दुसरा, व्हाइट बॅलन्स केलेला: हाच खडक पृथ्वीवरच्या उन्हात कसा दिसला असता? यात आकाश निळसर होतं आणि लोक खवळतात. पण भूवैज्ञानिकांची नजर पृथ्वीवरचे खडक पृथ्वीच्या उजेडात बघून तयार झालेली असते, त्यांना ओळख पटवायला हाच बरा. तिसरा, रंग ताणलेला. डोळ्याला एकसारख्या दिसणाऱ्या दोन खडकांत फरक असेल तर तो भडक करून दाखवायचा. ऑपॉर्च्युनिटी रोव्हरला २००४ मध्ये हेमटाइट या लोहखनिजाच्या काही मिलीमीटरच्या गोळ्या सापडल्या, त्यांना 'ब्लूबेरी' नाव पडलं. निळ्या त्या फक्त ताणलेल्या रंगात. मुळात करड्या.

आता आकाशाचा इतिहास. व्हायकिंग १ हे यान जुलै १९७६ मध्ये मंगळावर उतरलं आणि दुसऱ्या दिवशी पहिला रंगीत फोटो घाईत बाहेर आला. रंग आपल्या सवयीप्रमाणे जुळवले होते, त्यामुळे आकाश निळसर निघालं. मग यानावरच्या रंगपट्टीशी ताळमेळ घातल्यावर ते गुलाबीसर-बदामी झालं. या दुरुस्तीलाच लोक आजपर्यंत 'पुरावा' म्हणून नाचवतात. वास्तविक रंगपट्टी यानावर नेतात ती याचसाठी. पर्सिव्हरन्स रोव्हरच्या पाठीवरही आहे: रंगांचे ठिपके, मधोमध सावली पाडणारी काडी, आणि ठिपक्यांखाली लोहचुंबक. मंगळाची धूळ चुंबकाला चिकटते, ती कडेला ओढली गेली की ठिपक्याचा मधला भाग त्यातल्या त्यात स्वच्छ राहतो. काडीच्या सावलीत थेट ऊन येत नाही, नुसता आकाशाचा उजेड पडतो, तोही वेगळा मोजता येतो.

एक गंमत मात्र खरीखुरी आहे: मंगळावरचा सूर्यास्त निळा असतो. क्युरिऑसिटीने १५ एप्रिल २०१५ ला गेल विवरातून त्याचे रंगीत फोटो घेतले. धुळीच्या कणांचा आकार असा की निळा उजेड फारसा न विखुरता सरळ पुढे येतो, म्हणून सूर्याच्या आसपास निळी प्रभा दिसते आणि बाकीचं आकाश बदामी. दिवसा बदामी आणि संध्याकाळी निळं, आपल्या नेमकं उलट.

शंकासूर

लोहचुंबकाचं माहीत नव्हतं. रंगाचा मुद्दा सध्या मागे घेतो. सध्या.

वाळूचा_कण

माझा त्रास वेगळाच. ऑर्बिटरच्या फोटोत मला विवरं खड्डे म्हणून दिसतच नाहीत, फुगलेले फोड दिसतात. फोटो उलटा केला की लगेच खड्डे. डोळे तपासून घ्यावेत का?

खडकवेडा

डोळे ठणठणीत आहेत. उजेड वरून येतो असं आपला मेंदू गृहीत धरून चालतो. फोटोत तो खालून आला की खड्ड्याचा उंचवटा होतो. उपाय सोपा: आधी सूर्य कुठे आहे ते शोधा. मार्स रिकनिसन्स ऑर्बिटर (पुढे एमआरओ) अशा कक्षेत आहे की खालच्या बहुतेक भागावरून तो तिथल्या दुपारी तीनच्या सुमारास जातो. म्हणजे सूर्य पश्चिमेला कललेला. उत्तर वर ठेवून मांडलेल्या फोटोत उजेड डावीकडून येतो असं धरायचं. खड्ड्याची डावी भिंत सावलीत आणि उजवी उजळ, टेकडीचं उलट. थोडी सवय झाली की डोळा आपोआप पलटी मारतो.

सावलीवरून तो सुप्रसिद्ध 'चेहरा' आठवलाच. २५ जुलै १९७६, व्हायकिंग १ चा ऑर्बिटर वरून व्हायकिंग २ साठी उतरायची जागा हुडकत होता. सिडोनिया भागातल्या, टोकापासून टोकापर्यंत सुमारे तीन किलोमीटरच्या एका टेकाडावर ऊन अगदी तिरपं पडलेलं. अर्धा भाग काळोखात. त्यात प्रक्षेपणात हरवलेल्या माहितीचे काळे ठिपके फोटोभर, आणि त्यातला एक बरोब्बर नाकपुडीच्या जागी! त्या वेळच्या सर्वांत चांगल्या फोटोत एक पिक्सेल ४३ मीटरचा होता. मार्स ग्लोबल सर्व्हेयर या नंतरच्या ऑर्बिटरने एप्रिल २००१ मध्ये तीच जागा १.५६ मीटरच्या पिक्सेलने टिपली. झिजलेलं, उतारांवर ओरखडे असलेलं एक सपाट माथ्याचं टेकाड, बस्स. नाक नाही, डोळे नाहीत. मला विचाराल तर दुसरा फोटो जास्त बघण्यासारखा आहे, पण तो कोणी फॉरवर्ड करत नाही.

आडवाट

रोव्हरवाल्यांनो, जरा वर या. खरी मौज ऑर्बिटरमध्ये आहे.

एमआरओवर हायराइज नावाचा कॅमेरा आहे, अर्ध्या मीटरच्या आरशाचा. सुमारे ३०० किलोमीटर उंचीवरून त्याचा एक पिक्सेल २५ ते ३० सेंटीमीटरचा. म्हणजे मीटरभराची शिळा ओळखू येते, आणि तीन मीटर लांबीचा क्युरिऑसिटी दहाएक पिक्सेलचा ठिपका म्हणून दिसतो (ताणलेल्या रंगात निळा दिसतो, पुन्हा तीच गोष्ट). पट्टा फक्त सहा किलोमीटर रुंद, रंग त्याच्या मधल्या भागातच. त्याच्या सोबतीला सीटीएक्स कॅमेरा, ३० किलोमीटरचा पट्टा आणि सहा मीटरचा पिक्सेल. आधी सीटीएक्सने परिसर बघायचा, मग हायराइजने वाकून बघायचं.

१९ फेब्रुवारी २००८ ला हायराइज उत्तर ध्रुवाजवळच्या वाळूच्या टेकड्यांवर दहिवर कसं बदलतं ते बघत होता. त्याच फोटोत शेजारी ७०० मीटरहून उंच कडा आला. फोटो तपासताना लक्षात आलं की कड्याच्या पायथ्याशी धुरळ्याचे लोट उठलेले आहेत. हिमधूळ आणि माती कोसळत असताना, त्याच क्षणी, कॅमेरा वरून गेला होता. एक नाही, चार ठिकाणी. तो फोटो मोठा करून बघा. वरच्या बाजूला पांढऱ्या-तांबड्या थरांची उभी भिंत, खाली उतारावर पसरणारा ढग, आणि ढगाची स्वतःची सावली. मेलेला ग्रह म्हणतात त्याला.

दुसरं, दक्षिण ध्रुवाजवळचे 'कोळी'. हिवाळ्यात तिथे कार्बन डायऑक्साइडच्या बर्फाची अर्धपारदर्शक लादी जमते. वसंतात ऊन लादीतून आरपार जाऊन खालची जमीन तापवतं, लादी तळाकडून वायुरूप व्हायला लागते. कोंडलेला वायू फट सापडेल तिथून उसळतो, जाताना जमीन खरवडतो आणि धूळ वर उडवतो. वाऱ्याच्या दिशेने काळे पंखे पसरतात. लादी गेली की खाली उरतात एका केंद्रातून फुटलेल्या नागमोडी खाचा, म्हणजे कोळ्याचे पाय. 'प्लॅनेट फोर' या उपक्रमात सामान्य लोक हे पंखे फोटोवर रेखाटून देतात आणि त्यावरून वाऱ्याच्या दिशा काढल्या जातात. घरबसल्या करता येतं.

तिसरं थोडक्यात आवरत नाही, पण प्रयत्न करतो. २४ डिसेंबर २०२१ ला इनसाइट यानाच्या भूकंपमापकाने ४ तीव्रतेचा हादरा नोंदवला. पुढे सीटीएक्सच्या फोटोत अ‍ॅमेझॉनिस मैदानावर एक ताजं विवर सापडलं, सुमारे १५० मीटर व्यासाचं. एमआरओवर हवामानासाठी रोज अख्खा ग्रह टिपणारा एक भरड कॅमेराही आहे. त्याचे दिवसागणिक फोटो लावून बघितले तर तो डाग त्या चोवीस तासांतच उमटलेला. मग हायराइजने जवळून बघितलं तर विवराभोवती पांढरे तुकडे विखुरलेले, म्हणजे जमिनीखालून उसळलेला बर्फ. एका घटनेला चार साधनं: एकाने ऐकली, एकाने तारीख दिली, एकाने जागा शोधली, एकाने आतला माल दाखवला.

अर्धवट_झोप

कोळ्यांचे फोटो बघतोय. झोप गेली.

शंकासूर

आता माझी पाळी. २०१५ मध्ये गाजावाजा झाला की मंगळावर वाहतं पाणी आहे. उतारांवर उन्हाळ्यात वाढणाऱ्या आणि थंडीत पुसट होणाऱ्या काळ्या रेघा, हेच तुमच्या हायराइजचे फोटो. दोन वर्षांत सूर बदलला, म्हणे कोरडी वाळू घसरते. मग पिक्सेल मोजून उपयोग काय झाला?

आडवाट

पिक्सेल मोजले नाहीत तर काय होतं याचंच ते उदाहरण आहे, तुम्ही माझ्या बाजूने बोलताय. रेघा खऱ्या. त्यांचं ऋतूप्रमाणे वाढणंही खरं, ते २०११ पासून माहीत आहे. २०१५ चा दावा होता पाणी धरून ठेवणाऱ्या क्षारांचा, आणि तो क्रिझम नावाच्या, परावर्तित उजेडावरून खनिजं ओळखणाऱ्या वेगळ्या उपकरणावरून आला. क्रिझमचा पिक्सेल १८ मीटरच्या आसपास. रेघांची रुंदी अर्ध्या मीटरपासून पाचेक मीटर. एका पिक्सेलमध्ये रेघ थोडी आणि आजूबाजूचा उतारच जास्त. त्यातून रेघेचा रासायनिक ठसा वेगळा काढायचा म्हणजे दोर फार ताणला जातो. पुढे त्या उपकरणाच्या माहितीवर प्रक्रिया करतानाच फसवे संकेत उमटू शकतात असंही दाखवलं गेलं.

आणि २०१७ चा युक्तिवाद फोटोंवरूनच आला होता. हायराइजचे दोन कोनांतून काढलेले जोडफोटो घेऊन उतारांचे कोन काढले. रेघा संपतात तो उतार कोरडी वाळू ज्या कोनात थबकते त्याच्याशी जुळतो. पाणी असतं तर कमी उतारावरही पुढे गेलं असतं. अर्थात ऋतूच का पाळतात याचं उत्तर वाळूवाल्यांकडेही पक्कं नाही.

शंकासूर

हे शेवटचं वाक्य प्रामाणिक आहे. म्हणून थांबतो.

गुरुत्वाकर्षित

मंगळयानाचं नाव अजून कोणी काढलं नाही? २४ सप्टेंबर २०१४ ला कक्षेत गेलं, त्यावर रंगीत कॅमेरा होता.

पिक्सेलपुराण

बरं झालं काढलंत. त्याची गंमत त्याच्या लंबुळक्या कक्षेत. जवळ चारेकशे किलोमीटर आणि लांब सत्तर हजारांच्याही पुढे. एमआरओ इतक्या जवळून फिरतो की त्याला एका नजरेत अख्खा मंगळ कधीच दिसत नाही, पट्ट्या जोडाव्या लागतात. मंगळयानाने पूर्ण बिंब एका फोटोत दिलं: ध्रुवावरची पांढरी टोपी, धुळीची वादळं, ज्वालामुखींच्या माथ्यावरचे ढग. २०२२ मध्ये संपर्क तुटला. बारकावे हायराइजकडे बघावेत, एकाच वेळचं ग्रहभर हवामान अशा फोटोंत.

वाळूचा_कण

जवळून बघायचा सगळ्यात चांगला फोटो कोणता? एकच सांगा.

खडकवेडा

एकच म्हणालात तर 'चेयाव्हा फॉल्स'. जेझेरो विवरात पाणी आणणाऱ्या जुन्या नदीपात्रात, नेरेट्वा व्हॅलीसमध्ये, पर्सिव्हरन्सला जुलै २०२४ मध्ये हा खडक भेटला. मीटरभर लांबीचा, बाणाच्या टोकासारखा. हातावरच्या कॅमेऱ्याने अगदी नाक लावून काढलेला फोटो बघा. आधी नजर जाते पांढऱ्या शिरांकडे. त्या कॅल्शियम सल्फेटच्या, म्हणजे भेगांतून कधीतरी पाणी झिरपून गेलं. दोन शिरांच्या मध्ये तांबूस पट्टा, आणि त्या पट्ट्यात खरी गोष्ट: मिलीमीटरभराचे फिकट ठिपके, प्रत्येकाला गडद कडा. बिबट्याच्या अंगावर असतात तसे, नावही तेच पडलं. गडद कडांमध्ये लोह आणि फॉस्फेट सापडलं. पृथ्वीवर अशा खुणा सेंद्रिय पदार्थ आणि गाळातलं लोह यांच्या अभिक्रियेतून तयार होतात, त्यात कधी सूक्ष्मजीवांचा हात असतो, कधी नसतो. सप्टेंबर २०२५ मधल्या शोधनिबंधातही 'जीवसृष्टीची संभाव्य खूण' इतकंच म्हटलंय, आणि 'संभाव्य' वर जोर आहे. नमुना काढून नळीत बंद केलाय. निकाल पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत लागेल, आणि ती नळी आणणार कशी हा सध्या विज्ञानापेक्षा पैशांचा प्रश्न झालाय.

आता दार आणि हा खडक शेजारी ठेवा. दाराकडे लाखो लोकांनी बघितलं. या ठिपक्यांवरून स्क्रोल करून पुढे गेले असतील तेच लोक.

गुरुत्वाकर्षित

+१. क्युरिऑसिटीचा गंधकही घाला यादीत. मे २०२४ मध्ये एका दगडावरून चाक गेलं, दगड फुटला आणि आत पिवळेधमक स्फटिक. शुद्ध गंधक! बाहेरून दगड अगदी सामान्य होता, फोटोवरून कोणी दुसऱ्यांदा वळून बघितलं नसतं.

वाळूचा_कण

कच्च्या फोटोंच्या पानावर गेलो. तीन प्रश्न. क्युरिऑसिटीचे काही फोटो काळे-पांढरे आणि बारीक चौकटी-चौकटींचे का? पर्सिव्हरन्सच्या काही फोटोंचे तुकडेच का गायब? आणि रोव्हरचा सेल्फी काढतो कोण?

पिक्सेलपुराण

चौकटी म्हणजे रंग भरण्यापूर्वीचा फोटो. सेन्सरच्या प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवी किंवा निळी यांपैकी एकच काच असते. शेजारच्यांकडून उरलेले दोन रंग उसने घेऊन पूर्ण रंगीत फोटो बनतो, ते गणित झालं नसेल तर अशी जाळी दिसते. तुम्ही स्वतः ते गणित करू शकता, फुकटची सॉफ्टवेअर आहेत. पर्सिव्हरन्सचे दिशादर्शक कॅमेरे २० मेगापिक्सेलचे, एवढा फोटो एकदम न पाठवता तुकड्यांत पाठवतात. रोव्हर बहुतेक माहिती डोक्यावरून जाणाऱ्या ऑर्बिटरला देतो आणि ऑर्बिटर पृथ्वीकडे. उरलेले तुकडे पुढच्या खेपेला येतात, थोडी वाट बघा.

सेल्फी: कॅमेरा हाताच्या टोकाला. हात हलवत डझनावारी फोटो काढून ते जोडतात. प्रत्येक फोटोत हात वेगळ्या जागी असतो किंवा चौकटीबाहेर, म्हणून जोडणीत तो गळतो. 'मग कॅमेरा कोणी धरला' याचं एवढंच उत्तर.

आडवाट

वाट बघण्यावरून मरिनर ४ हे यान आठवलं. जुलै १९६५, मंगळाचे पहिले जवळचे फोटो. प्रत्येक २०० गुणिले २०० पिक्सेलचा आणि एक यायला आठेक तास. संगणकातून चित्र निघायची वाट कोण बघणार, म्हणून अभियंत्यांनी आकड्यांच्या छापील पट्ट्या भिंतीवर चिकटवल्या आणि कोणत्या आकड्याला कोणता रंग ते ठरवून खडूंनी हातानेच रंगवलं. मंगळाचा पहिला ऑर्बिटरी रंगीत फोटो म्हणा हवं तर.

शंकासूर

ऑर्बिटरी कसला, मरिनर ४ नुसतं जवळून गेलं होतं. कक्षेत पहिलं गेलं ते मरिनर ९, नोव्हेंबर १९७१, आणि पोचलं तर ग्रहभर धुळीचं वादळ. काही आठवडे ज्वालामुखींचे माथे तेवढे धुळीतून वर डोकावत होते.

आडवाट

मान्य, 'जवळचा' वाचावे. शंकासूर गृहपाठ करून यायला लागले, धाग्याचं सार्थक झालं :)

वाळूचा_कण

शेवटचा प्रश्न. हायराइजच्या अलीकडच्या रंगीत फोटोंच्या मधोमध एक उभी फट दिसते. हे काय लपवलंय म्हणायचं?

आडवाट

हायराइजमध्ये लाल रंगासाठी शेजारी-शेजारी दहा सेन्सर आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये मधल्यापैकी एकाचं इलेक्ट्रॉनिक्स बंद पडलं. त्या सेन्सरची पट्टी रिकामी राहते, आणि ती नेमकी रंगाच्या पट्ट्यात येते. जुन्या फोटोंत ती नाही. एखाद्या जागेचा अखंड रंगीत फोटो हवा असेल तर त्याच जागेचा २०२३ च्या आधीचा शोधा.